ठेसन थंयसर

मे महिन्याच्या सुट्टीत भावाची मुलगी इंग्लंडहून देवगडला आली होती. दुपारची जेवणं उरकली होती, माजघरात आंब्याची अढी घालून झाली होती, घरभर पेंढ्याचा आणि पिकू लागलेल्या हापूसचा वास दाटला होता. ती आईच्या शेजारी पडवीत लोळत फोनवरचे फोटो दाखवत होती. यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयाचे. निळ्या रंगाचं एक इंजिन, काळी इंजिनं, त्यांच्यासमोर उभी राहिलेली ती स्वतः. बघता बघता तिने विचारलं, "आजी, तू लहान असताना तुमचं स्टेशन कुठे होतं? ते अजून आहे का?" आईने चष्मा कपाळावर सरकवला, हात लांब केला आणि माडांच्या पलीकडे बोट दाखवून म्हणाली, "थंयसर." माडांच्या पलीकडे समुद्र होता. पोरगी खळखळून हसली, तिला वाटलं आजी मस्करी करतेय. आई मात्र गंभीर होती. तिच्या लेखी तिने अगदी सरळ उत्तर दिलं होतं.

ते "थंयसर" माझ्या मनातून जाईना.

यॉर्कचं ते संग्रहालय मीही पाहिलं आहे, भावाकडे गेले होते तेव्हा. ते मुळात इंजिनांची शेड होती, यॉर्क नॉर्थ नावाची. मोठ्या दालनाच्या मधोमध इंजिन फिरवायची गोल चकती अजून जागच्या जागी आहे आणि तिच्याभोवती इंजिनं तोंडं आत करून उभी आहेत. दमून आलेलं इंजिन पूर्वी जिथे येऊन थांबायचं, तिथेच ते आताही थांबलेलं. १९३८ साली ताशी १२६ मैलांचा वेग गाठणारं मॅलार्ड तिथे आहे, जपानने दिलेला बुलेट ट्रेनचा डबाही आहे. पण माझे पाय अडखळले ते शेजारच्या दालनात. तिथे पूर्वी मालधक्का होता. फलाटाची कड तशीच ठेवलेली आणि फलाटाला लागून डबे. एका बाकावर म्हातारं जोडपं नुसतं बसून होतं, गाडीची वाट पाहत बसावं तसं. तेलाचा आणि जुन्या लोखंडाचा वास होता. मी त्या कडेवर उभी राहिले आणि लक्षात आलं की इथे काम झालंय, इथे माणसांनी ओझी उचलली आहेत, म्हणून ही जागा इतकी बोलते. तीच इंजिनं एखाद्या नव्या कोऱ्या इमारतीत आणून ठेवली असती तर मी फोटो काढून पुढे गेले असते.

मग आमचं काय? आमच्या किनाऱ्यावर असं जुनं स्टेशन नाही. असणार कुठून? देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली. ठाणं कोकणातच मोडतं, म्हणजे कोकणाच्या उंबऱ्यावर गाडी सगळ्यांत आधी आली. तिथून ती बोरघाट आणि थळघाट चढून देशावर गेली आणि आम्ही खाली राहिलो. आमच्या किनाऱ्यावरून मुंबई ते मंगळूर अशी सलग गाडी धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ ला. मधली जवळजवळ दीडशे वर्षं आमचं स्टेशन थंयसरच होतं, धक्क्यावर.

आईचे वडील लालबागला गिरणीत होते. दिवाळीनंतर कधीतरी ती, तिची आई आणि धाकटा भाऊ मुंबईला जायचे आणि मे महिना सरायच्या आत परत यायचे, कारण पावसाळ्यात बोट बंद. बोट केव्हा येईल ते नक्की नसायचं. संध्याकाळपासून धक्क्यावर जाऊन बसायचं. ट्रंक, वळकटी, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या, सुक्या बांगड्यांचं गाठोडं, कुळथाच्या पिठाची पुरचुंडी. पोरं वळकटीवर झोपी जायची. केव्हातरी काळोखात भोंगा व्हायचा आणि सगळा धक्का एकदम जागा व्हायचा. बोट काही धक्क्याला लागायची नाही, ती बाहेर खोल पाण्यात उभी. तिच्यापर्यंत जायचं ते पडावातून, म्हणजे होडीतून. आईला आजही सगळ्यांत जास्त आठवतं ते पडाव आणि बोट यांच्या मधलं काळं पाणी. लाट आली की पडाव वर जायचा, बोटीचा दरवाजा समोर यायचा, आणि त्या क्षणाला खलाशी पोराच्या दंडाला धरून अक्षरशः फेकायचा. वरचा खलाशी झेलायचा. लाट खाली गेली की तोच दरवाजा डोक्याच्या वर कुठेतरी. बायकांची लुगडी भिजलेली, कुणाची तरी कोंबडी ओरडतेय, आणि या सगळ्यात तिच्या आईचा आवाज, "ट्रंक इली काय? ट्रंक इली काय?"

एकदा वर चढलं की डेकवर वळकटी पसरून जागा धरायची. यंत्राची थरथर पाठीतून डोक्यापर्यंत जायची. बोट लागायची ती बहुतेकांना. लिंबू हुंगायचं, आल्याची वडी तोंडात धरायची, तरी व्हायचं ते व्हायचंच. सकाळी समुद्र शांत असला की पोरं कठड्याशी उभी राहून बंदरं मोजायची. आई अजूनही ती नावं एका दमात म्हणते, शाळेत पाठ केलेल्या कवितेसारखी: विजयदुर्ग, जैतापूर, मुसाकाजी, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै. मग भाऊचा धक्का. प्रत्येक बंदराबाहेर बोट थांबायची, पुन्हा पडाव, पुन्हा ओरडा, पुन्हा आंब्याच्या करंड्या. कुठल्या बंदरात कुठल्या जातीची माणसं चढायची, कोण कसं बोलायचं, हर्णैला ताजी मासळी कशी टोपल्यांनी वर यायची, हे तिला मिनिटागणिक सांगता येतं. अर्थात मुलीचं लक्ष तोवर उडालेलं असतं. माझं मात्र आता कुठे लागायला लागलं आहे.

आणि भीती. बोटीच्या गोष्टी सांगताना आईच्या घरात रामदासचं नाव कुणी मोठ्याने घेत नसे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट तासाभराच्या आतच बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलं होतं. आमच्या बाजूच्या बोटी वेगळ्या, रस्ता वेगळा, पण पाणी तेच. आईची आजी म्हणे बोटीत पाऊल टाकायच्या आधी धक्क्यावर नारळ ठेवायची आणि मुंबईहून खुशालीचं पत्र येईस्तोवर गोड खात नसे.

या सगळ्यातलं आज डोळ्यांनी दिसेल असं काय उरलं आहे? गेल्या हिवाळ्यात आमच्याच किनाऱ्यावरच्या एका जुन्या बंदरात गेले होते. धक्का आहे, मच्छीमारांच्या ट्रॉलरनी भरलेला. धक्क्याच्या मागे बोटीच्या वेळची एक बसकी कचेरी आहे, जांभ्याच्या भिंतींची. अर्धे नळे घसरलेत, वाशांना पावसाचं पाणी लागून ते काळे पडलेत, एका कोपऱ्यातून पिंपळ वर आलाय आणि आत जाळ्यांचे ढीग टाकलेत. तिकिटाची खिडकी शाबूत होती. मी जवळ जाऊन पाहिलं. खिडकीच्या खालची लाकडी फळी मधोमध खोलगट झाली होती, गुळगुळीत, दोन्ही कडांना मात्र अजून रंधा मारल्यासारखी धारदार. जिथे हात टेकायचे, पैसे सरकायचे, सुटे परत यायचे, तेवढीच झिजलेली. मी तिच्यावरून बोट फिरवलं. बाजूला जाळं शिवत बसलेल्या माणसाने विचारलं, काय हरवलं का? मी म्हटलं, नाही, बघतेय फक्त. तो म्हणाला, बघून घ्या, यंदाच्या पावसात भिंत राहील असं वाटत नाही.

रत्नागिरीला थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी पदच्युत करून १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं, १९१० मध्ये त्याच्यासाठी तो वाडा बांधला आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. आता त्या वाड्यात सरकारी संग्रहालय आहे, आणि ते आहे याचा मला मनापासून आनंद आहे. त्या उंच गच्चीतून खाडीकडे पाहताना त्या माणसाची तीस वर्षं अंगावर येतात. पण तोही आला होता बोटीनेच. राजालाही याच किनाऱ्यावर उतरावं लागलं. तो जिथे राहिला ते घर आपण जपलं, तो ज्या वाटेने आला ती वाट जपायचं आपल्याला सुचलं नाही. त्या वाटेने राजे एखादेच आले असतील. गिरणीत जाणारे, शिक्षणाला जाणारे, बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या, मुंबईत क्षय होऊन परत गावी मरायला येणारे, असे लाखो आले-गेले.

आणि मग शेवटी गाडी आली.

गाडी येण्याआधी ती किती वर्षं नुसती भाषणांत आणि अर्जांत होती हे आमच्या पिढीला माहीत आहे. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै राजापूरचे खासदार असताना लोकसभेत ती मागत राहिले. ते १९७१ मध्ये गेले आणि त्याच मतदारसंघातून मधु दंडवते निवडून आले. दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांची गादी आणली, साऱ्या देशाची पाठ त्यामुळे वाचली, पण त्यांच्या स्वतःच्या मतदारांना त्या गादीवर बसायला कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागत होती. पावसाळ्यात बोट नाही, म्हणून गणपतीला येणारा चाकरमानी कोल्हापूरपर्यंत गाडीने यायचा आणि पुढे एस.टी.ने घाट उतरायचा. रोह्यापर्यंत रूळ आले १९८६ मध्ये. मग १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असा योग जुळला, कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले, आणि आठ वर्षांत ७४१ किलोमीटरचा मार्ग उभा राहिला. एक्क्याण्णव बोगदे. करबुड्याचा एकटा साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीजवळ पानवलच्या पुलाचे खांब ६४ मीटर उंचीपर्यंत गेले.

हे आकडे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात मिळतात. मला आठवतात ती मोटारसायकलवरून फिरणारी तरुण इंजिनियर पोरं, लाल धुळीने भुवयांपर्यंत माखलेली, कुणाच्याही अंगणात शिरून तांब्याभर पाणी मागणारी. दुपारी सुरुंगांचे आवाज यायचे तेव्हा कौलं थरथरायची आणि गोठ्यात गुरं कान टवकारायची. कुठल्या कुठल्या राज्यांतून आलेले मजूर कातळावर पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे, बाजाराच्या दिवशी त्यांच्या बायका सुकट विकत घ्यायला शिकल्या होत्या. हे काम करताना माणसं गेली. बोगद्यांत गेली, दरडींखाली गेली. रत्नागिरी स्टेशनाजवळ त्यांच्यासाठी श्रमशक्ती स्मारक उभारलं आहे. मी तिथे थांबते तेव्हा बहुतेक वेळा एकटीच असते. लोक घाईत असतात, रिक्षा मिळवायची असते. मी त्यांना दोष देत नाही. पण त्या माणसांनी काय खाल्लं, कुठे झोपले, बोगद्यात माती ओली होऊन वरून आली तेव्हा काय आवाज झाला, हे सांगणारी माणसं अजून जिवंत आहेत. पन्नाशी-साठीत आहेत. एखादं जुनं स्टेशन जपताना बहुतेक ठिकाणी ही सोय नसते, तिथले सगळे कधीच गेलेले असतात.

म्हणूनच मला "अजून वेळ आहे" हे म्हणणं पटत नाही. कोकण रेल्वे नवी आहे, तिचं कसलं संग्रहालय, असं मला एका सुशिक्षित माणसाने सांगितलं. आता हे बघा. इंग्लंडमधल्या मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिनं १९६८ मध्ये थांबली आणि यॉर्कचं ते संग्रहालय उघडलं १९७५ मध्ये. सात वर्षांत. ड्रायव्हर, फायरमन, फिटर सगळे हयात होते, इंजिनांचं तेल पुरतं वाळलंही नव्हतं. आपल्या नागपुरात मोतीबागेला नॅरोगेजचं संग्रहालय २००२ मध्ये झालं तेव्हा छिंदवाड्याची छोटी गाडी चालू होती, ती बंद झाली २०१५ मध्ये. म्हणजे शहाण्या माणसांनी चालत्या गाडीचं संग्रहालय केलं. आपल्या मार्गाने वाफेचा काळ पाहिलाच नाही, तो डिझेलवर सुरू झाला. घाटातल्या वळणावर दोन डोंगरांत घुमणारा डिझेलचा तो खर्जातला आवाज हा आमच्या रेल्वेचा पहिला आवाज. २०२२ मध्ये सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण पुरं झालं आणि तो आवाज विरळ होत चालला आहे. हवा स्वच्छ राहील, पैसे वाचतील, हे चांगलंच आहे. तरी आठ-दहा वर्षांच्या मुलाला तो आवाज कुठे ऐकवायचा हा प्रश्न उरतोच. त्यात आता महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायचं चाललं आहे, महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये संमती दिली. त्यातून मार्गाला पैसा मिळेल, दुसरा रूळ पडेल, गणपतीत माणसं दारात लोंबकळायची थांबतील, असं म्हणतात, आणि तसं झालं तर मी पेढे वाटेन. पण कुठलीही कचेरी दुसऱ्या कचेरीत जाते तेव्हा कपाटं हलतात, आणि कपाटं हलली की कागद जातात. सर्व्हेचे हाताने काढलेले नकाशे, बोगद्यांच्या रोजच्या नोंदींच्या वह्या, जमिनीच्या फायली. ते आत्ता एका जागी आणले पाहिजेत.

कुठे, तेही मी ठरवून टाकलं आहे, कुणी विचारलेलं नसताना. एखाद्या स्टेशनाच्या चकचकीत दालनात नको. ते एखाद्या जुन्या बंदरावरच्या कचेरीत व्हावं, जिची भिंत अजून उभी आहे अशा. एका खोलीत बोट, एका खोलीत एस.टी., एका खोलीत गाडी. ती झिजलेली फळी जागच्या जागी राहू दे, पोरांना त्यावर हात टेकू दे. पडाव हवाच, खरा, डांबराच्या वासाचा. बंदरांची नावं आईसारख्या बायकांच्या आवाजात ऐकू यावीत. दंडवत्यांच्या आधीची लाकडी फळी आणि नंतरची गादी शेजारी शेजारी ठेवावी, म्हणजे माणसं दोन्हींवर बसून बघतील. आणि रामदास लपवू नये. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरड कोसळून रुळावर आली, रात्रीची गाडी तिच्यावर आदळली, पन्नासच्या आसपास माणसं गेली, तेही लपवू नये. पावसात गाडी हळू का चालते, जूनपासून वेगळं वेळापत्रक का लागतं, भर पावसात रात्री हातात बॅटरी घेऊन एक माणूस रुळाच्या कडेने किलोमीटरच्या किलोमीटर का चालतो, ते मग सांगावं लागत नाही. त्या गस्तवाल्याचा भिजलेला रेनकोट खिळ्याला टांगलेला असावा, एवढं माझं मागणं आहे.

यातलं माझ्या हातात काय आहे? इमारत नाही, पैसा नाही. ओळखी आहेत आणि नातेवाईक आहेत. कणकवलीच्या बाजूला आईचे मावसभाऊ राहतात, आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांच्या काजूच्या बागेतून रूळ गेला, बाग दोन तुकडे झाली. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला आता लांबचा वळसा पडतो. नुकसानभरपाई मिळाली ती थोरल्या मुलीच्या लग्नात गेली. त्याच मुलीचा मुलगा आता दर महिन्याला त्याच रुळावरून मुंबईला जातो आणि बागेजवळ आला की दारात उभा राहून हात करतो, मामा काठी वर करतात. रेल्वेबद्दल बरं बोलावं की वाईट हे त्यांचं अजून ठरलेलं नाही आणि ते ठरवायची त्यांना घाईही नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेले तेव्हा मी हे सगळं बोलून दाखवलं. ते आत गेले आणि देवघराखालच्या फडताळातून प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. आत भूसंपादनाची नोटीस, मार्ग आखलेल्या नकाशाची धूसर प्रत, जमीन फुटायच्या आधीचा सातबारा आणि नंतरचा सातबारा. "ह्यो कागद आता कोणाक होयो?" असं म्हणत त्यांनी एकेक उलगडून ओटीवर ठेवला, वारा होता म्हणून वर अडकित्ता ठेवला. मी फोटो काढायला फोन काढला. ते म्हणाले, "फोटो कित्याक? खरोच घेवन जा. पण माका पावती होयी."

मी बॅगेतल्या वहीचं पान फाडलं आणि लिहू लागले. भूसंपादनाची नोटीस, एक. नकाशाची प्रत, एक. सातबारा उतारे, दोन. खाली तारीख घातली, सही केली. त्यांनी पान दिव्याजवळ नेऊन सावकाश वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं. "नोटिशीचो कोपरो वाळवेन खाल्लेलो असा, तो आधीचोच. ताय लिव. मगे म्हणशात, मामान फाडल्यान."

मी तेही लिहिलं.